तुकडे कुठे गेले

आधीच सांगून टाकते, मी भांडखोर बाई आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षं चेकिंगला होते. मागच्या शेडमध्ये माग, तिथं पुरुष. पुढच्या लांबट हॉलमध्ये आम्ही बायका. टॉवेल कापायचे, कडा शिवायच्या, सुटलेले धागे काढायचे, घड्या घालायच्या. प्रत्येक टॉवेल माझ्या टेबलावरून जायचा. डाग दिसला, भोक दिसलं, कड वाकडी दिसली की मी तो बाजूला टाकायचे. मालकाचा माझ्यावर विश्वास होता आणि बायकांना माझा धाक. मला दोन्ही गोष्टी आवडायच्या.

बाजूला टाकलेल्यातही जो माल अगदीच वाया गेलेला असे, त्याचे तुकडे करून आम्ही एका पोत्यात भरायचो. मशीन पुसायला, तेल टिपायला. निदान मालकाची समजूत तशी होती. त्या पोत्याचा खरा उपयोग फक्त बायकांना माहीत होता. कुणाला अडचण आली की तिनं माझ्या टेबलाशी यायचं, काही न बोलता पोत्याकडं बघायचं. मी मान हलवायची. तिनं एक तुकडा उचलून पदराआड धरायचा आणि मागच्या संडासाकडं जायचं. टॉवेलचा तुकडा शोषून घेतो तसं दुसरं कुठलं फडकं शोषत नाही, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पंधरा वर्षांत त्या हॉलमध्ये पाळी हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारला नव्हता. गरजच पडली नाही. पोतं भरलं की महिनाभर पुरायचं, मग पुन्हा भरायचं.

लशीच्या वर्षी मालकानं कारखान्यातच कॅम्प ठेवला. बायका भिऊन होत्या. कुणी म्हणे ताप मेंदूत जातो, कुणी म्हणे दोन वर्षांत माणूस खलास. दुसऱ्या लाटेत मागच्या शेडमधले दोघं गेले होते, माझा धाकटा दीर गेला होता, त्याचं तोंडसुद्धा आम्हाला बघायला मिळालं नव्हतं. लस घेतली पाहिजे ह्याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. मीच पुढं झाले. पहिली सुई टोचून घेतली, दंड सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, ‘‘मुंगी चावली तर जास्त बोंबलता की गं तुमी. चला, उठा.’’ एकेकीला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. संध्याकाळपर्यंत हॉलमधली एकही बाई टोचायची राहिली नाही. मालकानं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी फुगले.

आणि तिसऱ्या आठवड्यात पोतं रिकामं झालं.

पोतं असं मध्येच कधी संपत नसे. मी पुन्हा भरलं, ते आठ दिवसांत अर्ध्यावर आलं. माझ्या मनात एकच आलं: चोरी. कुणीतरी घरी नेतंय, फरशी पुसायला किंवा पोरांच्या लंगोटाला. मी नजर ठेवायला लागले. कापायच्या टेबलापासून दारापर्यंत आणि दारापासून टेबलापर्यंत येरझाऱ्या घालायचे. कोण उठलं, कोण कितीदा उठलं. टॉवेल हातात असायचा आणि डोळे पोत्यावर.

सगळ्यांत जास्त उठायची ती खिडकीजवळच्या मशीनवरची एक पोरगी. माहेर दुधनीकडचं. घरात कानडी, आमच्याशी मराठी, तेही प्रत्येक वाक्याला हेल काढून. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नव्हतं. पलीकडच्या वस्तीत सासू-सासऱ्यांजवळ राहायची, नवरा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. शिलाई इतकी सरळ की तिचा टॉवेल मला कधी बाजूला काढावा लागला नाही. ती आधी पाच-सहा दिवस पोत्याशी आली, मग जेमतेम आठवडा गेला आणि पुन्हा यायला लागली. एवढी अडचण कुणाला असते? मी मनाशी ठरवूनच टाकलं.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या महिन्यात माझी स्वतःची पाळी सतराव्या दिवशी परत आली होती. आली ती अशी, की मी एकावर एक दोन तुकडे घेत होते. मी चव्वेचाळीसची होते. वय झालं, असं व्हायचंच, म्हणून मी ते सोडून दिलं. माझे तुकडे मी हिशेबातच धरले नाहीत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण माझ्यासारख्या कुणावरून तरी पडली असणार.

एका शनिवारी सुटी व्हायच्या वेळी मी दारात उभी राहिले आणि तिला अडवलं. ‘‘पिशवी उघड,’’ म्हणाले.

‘‘का अक्का?’’

‘‘उघड म्हणते ना.’’

मागं वीस-पंचवीस बायका डबे घेऊन खोळंबलेल्या. तिनं पिशवी उघडली नाही, म्हणून मीच ओढली. डब्याच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी होती. त्यात चार तुकडे. माझी जीभ सैल सुटणार होती, तेवढ्यात हाताला ओल लागली. तुकडे धुतलेले होते. नीट पिळून, घडी घालून ठेवलेले, आणि धुऊनही मध्ये तांबूस राहिलेले.

ती खाली बघत म्हणाली, ‘‘धुवून धुवून वापरतोय अक्का. सारकं सारकं तुमाला मागायचं म्हंजे लाज वाटती. सुई घेतल्यापास्नं थांबंनाच झालंय.’’

मागून कापायच्या टेबलावरची एक म्हातारी होत आलेली बाई हळूच बोलली, ‘‘माझंबी तसंच झालंय की.’’

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते आज मला स्वच्छ दिसतं. पिशवी तिच्या हातात देऊन माफी मागायची आणि म्हणायचं, बायांनो, माझंही तसंच झालंय. मी काय केलं? पिशवी परत दिली आणि ओरडले, ‘‘लशीचा न् ह्याचा काय संबंध? उगं डोक्यात काय घेऊ नका. चला, घरी जा सगळ्या.’’ दुसरा डोस पुढ्यात होता. सगळ्याजणींना खुर्चीत बसवणारी मी. एक बोलली की दहा बोलतील आणि दहा बोलल्या की एकही दंड पुढं करणार नाही, ही मला भीती. आणि खरं सांगायचं तर माझा तोरा जाईल, हीसुद्धा.

सोमवारी डब्याच्या सुटीत ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्यावर तिनं रागवायला हवं होतं, पण तिच्याकडं रागवायला वेळ नव्हता. सासूचं म्हणणं होतं, सुईनं गर्भाची पिशवी नासली, आता हिला मूल होत नाही, दुसरी सुई घ्यायची नाही. मालकानं फळ्यावर लिहून लावलं होतं, दुसरा डोस नसेल त्यानं कामावर येऊ नये. काम सुटलं तर घरात तिची किंमत शून्य, आणि पिशवी नासली असेल तर त्याहून खाली.

‘‘अक्का, खरं सांगा. माझी पिशवी खराब झाली व्हय?’’

‘‘न्हाय गं.’’

‘‘तुमाला कसं म्हायीत?’’

मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडं तसंच झालं असतं. उन्हात दीड तास रांगेत उभ्या राहिलो. तिला मध्येच पिंडऱ्यांत गोळे यायचे, मग ती माझ्या खांद्याला धरायची. डॉक्टर बाईच होती, ते बघून मला बरं वाटलं. बाईला बाईचं कळेल असं वाटलं.

‘‘काय होतंय?’’

पोरगी बोलायला लागली. पहिल्याच वाक्यात सुई आली आणि डॉक्टरीणबाईंचा हात थांबला.

‘‘लग्नाला किती वर्षं?’’

‘‘चार.’’

‘‘मूल?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग ते टेन्शन आहे. त्याचं खापर लशीवर फोडू नका. मोबाईलवर काहीतरी वाचता आणि येता. अशा अफवांनी माणसं मरतात, कळतंय का?’’

अफवांनी माणसं मरतात हे खरंच होतं. दीर गेलेल्या बाईला ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच माझं तोंड बंद झालं असेल. पण बाईंनी तिला किती दिवस झाले ते विचारलं नाही. चक्कर येते का, मधून किती दिवस गेले, काहीच नाही. लोहाच्या गोळ्या लिहिल्या, ‘‘नेक्स्ट’’ म्हणाल्या. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. हॉलमध्ये जिच्या आवाजानं मशीन थांबतात ती मी. मला म्हणता आलं असतं, बाई, मलाही झालंय, आणि मी तर चार पोरांची आई आहे, मला कसलं टेन्शन? म्हणता आलं असतं, आमच्याकडं तुकड्यांचं पोतं महिन्यात दोनदा रिकामं झालंय, हे टेन्शन एकदम सगळ्यांनाच कसं आलं? मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. बाहेर पडताना ‘‘थँक्यू मॅडम’’ असंसुद्धा म्हणाले. त्या दोन शब्दांची मला अजून शिसारी येते.

रस्त्यावर आल्यावर तिनं गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून कमरेला खोचली. मग म्हणाली, ‘‘तुमाला झालं न्हाय, म्हून तुमी बोलला न्हाय. माझंच नशीब हाय.’’

तेव्हाही मी बोलले नाही.

बुधवारपासून ती आली नाही. तिच्या गल्लीतून येणाऱ्या बाईनं चौथ्या दिवशी सांगितलं, तिला दुधनीला सोडून आलेत. पिशवीचं काय ते कळल्याशिवाय परत आणणार नाहीत. नवऱ्याला दुसरी बघायचं बोलणं चाललंय म्हणे.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जायचं ते कळत नसे. तिच्या मशीनवर नवी पोरगी बसवली होती, तिची कड सापासारखी जायची. एके दिवशी मागच्या गठ्ठ्यातून परत आलेला टॉवेल मालकानं माझ्यापुढं टाकला. मध्यावर वितभर तेलाचा डाग, आणि मी तो पास केला होता. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. मालक म्हणाला, ‘‘बाई, लक्ष कुठं आहे?’’ मी त्याच्यावरच खेकसले.

माझं माहेर केमचं. कुंकवाचं गाव. आमच्या लहानपणी कुंकवाच्या कारखान्यातून सुटलेल्या बाया लालभडक हातांनी बाजारात फिरायच्या, भाजी घ्यायच्या, कुणाच्या लेकराच्या गालाला हात लावायच्या. त्या लालीची कुणाला लाज नव्हती. ते आठवलं की मला आणखीच चिडचिड व्हायची. कुणावर, ते सांगता यायचं नाही. डॉक्टरीणबाईवर म्हणावं तर तोंड मी बंद ठेवलेलं. सासूवर म्हणावं तर मी तरी पिशवी ओढूनच घेतली होती ना?

शेवटी एका दुपारी डबे उघडल्यावर मी उभी राहिले. बसून सांगणं मला जमलं नसतं. म्हणाले, ‘‘लस घेतल्यावर माझी पाळी सतरा दिवसांत परत आली. दोन-दोन तुकडे लागले. आणखी कुणाचं असं झालंय?’’

एकीच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मग कापायच्या टेबलावरच्या बाईनं हात वर केला. मग घडीवाल्या दोघींनी. करता करता सात-आठ हात झाले. प्रत्येकीनं आपापलं कारण शोधून ठेवलं होतं. एकीला आंबे बाधले होते, एकीनं पाण्याचा ड्रम उचलला होता, एकीला वाटलं होतं जावेनं काही केलंय. कुणाची लवकर आली होती, कुणाची दहा दिवस लांबली होती. घरोघरी मातीच्या चुली, आणि प्रत्येकीला वाटत होतं की धूर फक्त आपल्याच घरात. पण लस घेऊन दोन महिने उलटून गेले होते आणि बहुतेकींचं आपोआप ताळ्यावर आलं होतं. माझंही.

पुढं कधीतरी पेपरात आलं. लशीनंतर काही बायकांची पाळी थोडी मागंपुढं होते, कधी जास्त जाते, एक-दोन महिन्यांत पूर्ववत होते आणि मूल होण्याशी त्याचा काही संबंध नाही. आतल्या पानावर चार ओळी. मी त्या उभ्याउभ्या वाचल्या आणि पेपर असा आपटला की चहाचा कप कलंडला. ह्या चार ओळी कुणी त्या खुर्चीतच सांगितल्या असत्या तर? सुई टोचता टोचता, ताप येईल, अंग दुखेल, त्याच्याच पुढं, पाळी मागंपुढं होईल, घाबरू नका, फारच गेलं तर या. एवढ्यानं एकही बाई खुर्चीतून उठून पळाली नसती. घाबरल्या त्या कुणी काही बोललं नाही म्हणून.

पण त्या दुपारी माझ्याजवळ पेपर नव्हता, सात-आठ हात होते. मी सुटी घेतली आणि तडक वस्तीवर गेले. सासू ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होती. सासरा खाटेवर बनियनवर बसलेला.

‘‘कारखान्यातनं आले. तुमच्या सुनंबद्दल बोलायचंय.’’

‘‘ती दुधनीला हाय,’’ सासू मान वर न करता म्हणाली. ‘‘दुखणं बरं झालं की ईल.’’

‘‘ती आजारी न्हाय. सुई घेतल्यावर तिची पाळी बिघडली. माझीबी बिघडली होती.’’

सासरा चपला शोधायला लागला. ‘‘बायकांचं बोलणं हाय, मी जरा…’’

‘‘बसा मामा,’’ मी म्हणाले. ‘‘सून दोघांनी मिळून धाडली. ऐकायचंबी दोघांनी.’’

तो बसला. मी सगळं सांगितलं. किती दिवसांनी आली, किती दिवस राहिली, किती तुकडे लागले. हॉलमधल्या बाकीच्यांचं सांगितलं. पिशवी ओढून मी तिला चोर ठरवलं तेही सांगितलं आणि दवाखान्यात गप्प बसले तेही. परक्या घराच्या ओट्यावर, परक्या पुरुषासमोर. माझे कान तापले होते, पण आवाज खाली आला नाही. ‘‘आता माझं पुन्हा वेळच्या वेळी चाललंय. तिचंबी ठीक हुईल. तिला घेऊन या.’’

सासरा जमिनीकडं बघत होता. सासूनं त्याला कानडीत दूध आणायला सांगितलं. अवेळी दूध कशाला, हे त्यानं विचारलं नाही. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती सुपातली ज्वारी नुसतीच इकडून तिकडं करत राहिली. मग म्हणाली,

‘‘माझी बंद हून सा वर्सं झाली. ती सुई घेतली आन् आठ दिसांनी परत दिसलं. अजून मधनंमधनं दिसतंय.’’

मी तिच्या शेजारी बसले.

‘‘मी कुणाला सांगू गं? ह्या वयात? सुनंला सांगू? म्हटलं, माजं सगळं सपलेलं, तरी सुईनं असं केलं. तिचं तर अजून काईच झालं न्हाय. तिचं काय केलं आसंल? रातंदिस तेच डोक्यात. तिचं तोंड बघितलं की मला धडकी भरायची. म्हून धाडली.’’

‘‘दवाखान्यात गेला न्हाय?’’

‘‘गेलं की पिशवी काढा म्हंत्यात. शेजारणीची काढली की.’’

मला बाकी फारसं कळत नसलं तरी एवढं माहीत होतं, की बंद झाल्यावर परत दिसलं तर लशीचं म्हणून सोडून द्यायचं नसतं. माझ्या मावशीनं सोडून दिलं होतं, मग कॅन्सर कळायला फार उशीर झाला. मी म्हणाले, ‘‘हे आमच्यासारखं न्हाय. हे तपासायलाच पायजे. उद्या सकाळी चला, मी येते.’’

‘‘डाक्टरीण वरडंल.’’

‘‘वरडू दे. मी हाय की.’’

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि माझ्याकडं मोबाईल मागितला. नंबर तिला पाठ होता. पलीकडून सुनेचा आवाज आला तशी तिनं मोबाईल दोन्ही हातांनी धरला. मग ती कानडीतच बोलायला लागली, पण पंधरा वर्षांत एवढं कानडी मला कळायला लागलं होतं.

‘‘आजच्या गाडीनं ये,’’ ती म्हणत होती. ‘‘मलाबी झालंय. उद्या मला दवाखान्यात जायचंय, तू माझ्यासंगं चल.’’